हिस्ट्री नाही म्हणे

थोडं लांब झालंय. पण दुकान असलेल्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावं.

मागच्या महिन्यात एका बँकेत बिझनेस क्रेडिट कार्ड मागायला गेलो होतो. तालुक्याच्या बातमीदारीवर घर चालत नाही, हे या धंद्यातल्या कुणाला सांगायला नको. म्हणून गेली सतरा वर्षं डीटीपी आणि फ्लेक्सचं छोटं दुकान चालवतोय. फ्लेक्सचे रोल आणि शाई कोल्हापूरहून येते. तिथला व्यापारी हल्ली पंधरा दिवसांच्या वर उधारीला थांबत नाही. आणि आमचं गिऱ्हाईक म्हणजे वाढदिवसाचे बोर्ड लावणारे भावी नगरसेवक. ते निवडून आले तर विसरतात, पडले तर गावात दिसत नाहीत. मधला महिना-दीड महिना भागवायला कार्ड बरं, असं सीएनं सुचवलं.

काउंटरवरचा अधिकारी तिशीच्या आतला, उत्तरेकडचा, बोलायला एकदम नम्र. उद्यम नोंदणी, जीएसटी, करंट अकाउंट, दोन वर्षांची इन्कम टॅक्स रिटर्न्स, सगळी फाईल घेऊन गेलो होतो. त्यानं पॅन नंबर टाकला, स्क्रीनकडे बघितलं आणि म्हणाला, "सर, आपकी तो कोई हिस्ट्री ही नहीं है."

मी म्हटलं, अरे बाबा, गावातल्या पतसंस्थेतून सतरा वर्षांत चार कर्जं काढली. दुकानाचं डिपॉझिट, पहिलं मशीन, दुसरं मशीन, बहिणीचं लग्न. एकही हप्ता चुकलेला नाही. चेअरमनला फोन लावून देतो, विचार.

"वो इसमें नहीं आता, सर."

खरं सांगतो, रागापेक्षा गंमत वाटली. ज्या संस्थेच्या पाटीवरच 'पत' हा शब्द आहे, तिथली माझी पत मोजायची नाही. मग मोजायची कुठली? ही पत आधी कोण मोजायचं, कशानं मोजायचं, आणि ती कॉम्प्युटरमध्ये कधी गेली, हे शोधत बसलो. पोस्ट त्यातून झाली आहे.

हुंडीपासून सुरू करू. दर्शनी हुंडी म्हणजे दाखवल्यावर पैसे द्यायचे, मुदती म्हणजे ठरलेल्या दिवसांनी. पण एक तिसरा प्रकार होता, शाहजोग. ही हुंडी कुणीही घेऊन गेला तरी वटत नसे. घेऊन येणारा 'शाह' हवा, म्हणजे त्या पेठेत ज्याला प्रतिष्ठित व्यापारी म्हणून ओळखतात असा माणूस. पैसे देणाऱ्यानं आधी समोरच्याची खात्री करायची. चुकीच्या माणसाला दिले तर जबाबदारी त्याची. आजच्या भाषेत हे केवायसी झालं, फक्त आधार कार्डाऐवजी बाजाराची ओळख. आणि मराठीचा तिरकसपणा बघा, याच शब्दाचा आपण 'शहाजोगपणा' केला. प्रतिष्ठितासारखा वागतोय, पण आतून तसा नाही, असा तो अर्थ. म्हणजे शाह असल्याचा आव आणणारेही तेव्हा कमी नसावेत.

आमच्या भागात हे अजून जिवंत आहे. विटा, आटपाडी, खानापूरकडची पोरं गलाईच्या धंद्यात देशभर पसरलेली आहेत. सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं हे काम. परमुलखातला सराफ आपलं सोनं यांच्या हवाली करतो ते सिबिल बघून नाही. हा अमक्याच्या दुकानातला, अमक्याचा भाचा, एवढ्यावर. एकानं घोळ केला तर त्याच्या गावच्या दहा जणांना त्या पेठेत तोंड दाखवायला जागा राहत नाही. त्यामुळे राखण आपोआप होते.

हे सगळं ऐकायला छान वाटतं. पण त्या ओळखीच्या बाहेर जो आहे त्याचं काय? ज्याचा मामा त्या पेठेत नाही, ज्याला पेढीच्या ओट्यावरसुद्धा बसू देत नव्हते, त्याची पत कोण सांगणार? जुन्या काळाचं कौतुक करणाऱ्या पोस्ट फिरतात, त्यात एवढा भाग नेमका गाळलेला असतो.

आणि वही साहुकाराच्या हातात असेल तर काय होतं, ते याच महाराष्ट्रानं बघितलंय. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस बंद झाला, इकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. साहुकार सढळ हातानं कर्ज देत होते. युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज मात्र राहिलं. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्यानं कर्जाचा रोखा तीनच वर्षं चालेल असं ठरलं होतं. हेतू कर्जदाराला वाचवण्याचा. झालं उलटं. दर तीन वर्षांनी साहुकार नवा रोखा करून घ्यायचा, मागचं व्याज मुद्दलात मिसळून. खाली अंगठा कुळाचा, आकडा साहुकाराचा.

१२ मे १८७५ ला पुणे जिल्ह्यात, भीमथडी तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात लोक उठले. यात लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे लोकांचा राग माणसांपेक्षा कागदांवर जास्त होता. रोखे आणि वह्या मागितल्या, ओढून काढल्या, जाळल्या. आपल्यावर काय लिहून ठेवलंय हे ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना एवढं पक्कं कळत होतं की आपला गळा या वहीत अडकलाय. चौकशीला आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खन कृषक साहाय्य कायदा आला.

ते शेतकरी होते, आम्ही दुकानदार, हे खरं. पण वही कुणाकडे, हा प्रश्न तोच आहे.

वही आपल्याकडे घ्यायचा पहिला प्रयत्न सहकाराचा. १८८९ मध्ये बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांच्या पुढाकारानं 'अन्योन्य सहकारी मंडळी' निघाली. तेव्हा सहकाराचा कायदाही नव्हता, तो आला १९०४ मध्ये. त्या कायद्यात ग्रामीण संस्थांना अमर्याद जबाबदारी होती, म्हणजे संस्था बुडाली तर सभासदांच्या घरादारावर येणार. त्यामुळे कर्ज मागायला आलेल्याची पात्रता ठरवायला कुठला फॉर्म लागत नसे. हा पितो का, जुगाराला बसतो का, याचं पीक खरंच बुडालं की पोरीच्या लग्नात पैसे उडवले, हे शेजाऱ्याला माहीतच असायचं. दोन जामीनदार आणा, ही आजच्या पतसंस्थेतली अट त्याच घराण्यातली.

मुंबईत १९०६ मध्ये शामराव विठ्ठल संस्था सुरू झाली, श्रीपाद सुब्राव तालमकी यांनी काढलेली. आज ती मोठी बँक आहे. सुरुवात मात्र एका ज्ञातीतल्या लोकांनी एकमेकांना हात देण्यासाठी झाली होती. तेव्हाच्या बऱ्याच संस्थांचं असंच. ज्ञातीत ओळख असते, ओळखीतून जामीन मिळतो. ज्या ज्ञातीकडे मुळात ठेवी ठेवायला पैसाच नव्हता, तिच्या पोरांना जामीन कोण राहणार, हा प्रश्न इथेही उरलाच.

बाजारातल्या छोट्या माणसाची वही खऱ्या अर्थानं बनली ती पिग्मीनं. उडुपीच्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटनं १९२८ मध्ये ही योजना काढली. माणूस दारात येणार, रोज दोन आणे घेऊन जाणार. आज आमच्या बाजारपेठेत संध्याकाळी सहानंतर उभे राहा, मशीन घेऊन फिरणारे चार तरी एजंट दिसतील. कुणाचं दुकान चाललंय, कुणाचं नुसतं उघडं आहे, कोण गेले आठ दिवस "उद्या या" म्हणतोय, हे एजंटला मॅनेजरच्या आधी कळतं. कर्जाचा अर्ज आला की मॅनेजर आधी त्यालाच बोलावतो.

आता जरा अमेरिकेत जाऊ. मला नाकारणाऱ्या त्या स्क्रीनचं मूळ तिथं आहे.

१८३७ च्या मंदीत न्यूयॉर्कमधले बडे बडे व्यापारी बसले. उधारीवर माल नेलेले दूरदूरचे दुकानदार पैसे देईनात. त्यात रेशमाचा व्यापारी लुईस टॅपन होता. गुलामगिरीच्या विरोधात झगडणारा, कडक धार्मिक माणूस. १८४१ मध्ये त्यानं 'मर्कंटाइल एजन्सी' काढली. गावोगाव बातमीदार नेमले, बहुतेक वकील. त्यांनी आपल्या भागातल्या दुकानदारांची माहिती लिहून पाठवायची आणि न्यूयॉर्कच्या ऑफिसात ती जाडजूड वह्यांत उतरवायची. पैसे भरणाऱ्या व्यापाऱ्याला त्या वहीतलं ऐकवलं जायचं. इलिनॉयमधला अब्राहम लिंकन नावाचा वकीलही या बातमीदारांमध्ये होता. आमच्याच जातकुळीतला म्हणायचा, तालुका प्रतिनिधी!

या एजन्सीची पुढे डन अँड ब्रॅडस्ट्रीट झाली. जुन्या वह्या हार्वर्डच्या ग्रंथालयात आहेत. त्यात दुकानातल्या मालाबरोबर माणसाचं चारित्र्य, सवयी, बायको, सासऱ्याची इस्टेट, सगळं लिहिलेलं. म्हणजे आमचा पिग्मी एजंट जे कानात सांगतो, ते त्यांनी कागदावर आणलं. फरक एवढाच की ज्याच्याबद्दल लिहिलंय त्याला त्याचा पत्ता नसायचा, आणि ते हजार मैलांवर विकलं जायचं.

कार्ड यायला अजून शंभर वर्षं लागली. १९५० मध्ये डायनर्स क्लब, पुठ्ठ्याचं कार्ड, जेवणाची बिलं भरण्यासाठी. आणि १९५८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरात बँक ऑफ अमेरिकेनं जो प्रकार केला तो वाचून मी दोनदा खात्री करून घेतली. साठ हजार लोकांना न मागता पोस्टानं क्रेडिट कार्डं पाठवून दिली. अर्ज नाही, कागद नाही. पाकीट उघडा आणि खर्च करा. अर्थातच बुडवाबुडवी झाली, बँकेला फटका बसला. पण धंदा लागला. आज आपण व्हिसा म्हणतो ते याच कार्डाचं पुढचं रूप. सामान्य माणसाच्या हातात पहिल्यांदा कार्ड पडलं तेव्हा पात्रतेची अट जवळजवळ नव्हतीच, आणि पात्रता मोजायची एवढी मोठी यंत्रणा नंतर उभी राहिली.

भारतात बँकेचं पहिलं क्रेडिट कार्ड १९८० मध्ये सेंट्रल बँकेनं आणलं, सेंट्रलकार्ड. त्याच्या अकरा वर्षं आधी, १९ जुलै १९६९ ला, चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं होतं. त्यात ही बँक होती, आपली बँक ऑफ महाराष्ट्रही होती. छोट्या व्यापाऱ्याला कर्ज द्या, असं त्यानंतर सरकार सांगत राहिलं. पण कार्ड पुढची कितीतरी वर्षं पगारदाराचंच राहिलं. कारण सरळ आहे. पगाराची स्लिप महिन्याला एकच आकडा सांगते. दुकानदाराचा आकडा दिवाळीत एक, आषाढात दुसरा. शिवाय आपण रिटर्नमध्ये एक सांगतो आणि बँकेत गेल्यावर दुसरं सांगतो. हे मी माझ्यासकट बोलतोय. टॅक्स वाचवताना झाकलेली मूठ कर्ज मागताना उघडता येत नाही.

इथे म्हसवडची गोष्ट सांगितलीच पाहिजे. आमच्या शेजारचाच माण तालुका, कायमचा दुष्काळी. चेतना गाला सिन्हा यांनी बायकांची बँक काढायचा अर्ज रिझर्व्ह बँकेकडे केला. तो फेटाळला गेला, कारण प्रवर्तक सभासद बायका निरक्षर, कागदावर अंगठे. बायका घरी आल्या, लिहायला-वाचायला शिकल्या आणि काही महिन्यांनी पुन्हा मुंबईला गेल्या. आम्हाला वाचता येत नसेल, पण मोजता येतं, हे त्यांनी अधिकाऱ्यांना सुनावलं. कुठल्याही रकमेचं व्याज तोंडी काढून दाखवतो म्हणाल्या, तुमच्या अधिकाऱ्यांनी कॅल्क्युलेटरशिवाय काढून दाखवावं. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. ज्यांना उभं करायचं नव्हतं त्या स्वतःच बँक होऊन बसल्या. अमेरिकेचं फार कौतुक वाटत असेल तर हेही लक्षात असू द्या, तिथल्या काही राज्यांत १९८८ पर्यंत बाईला धंद्यासाठी कर्ज घ्यायला घरातल्या पुरुषाची सही मागता येत होती. त्या वर्षी कायदा झाला तेव्हा ते बंद झालं. आपल्याकडे कायद्यात तसं काही नाही, पण "मिस्टरांना घेऊन या" हे काउंटरवर ऐकलं नाही अशी दुकानदार बाई मला अजून भेटायची आहे.

आता सिबिल. स्थापना २००० ची. २००५ मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला आणि माहिती कुणी द्यायची याची यादी त्यात आली. बँका, सहकारी बँका, ग्रामीण बँका, फायनान्स कंपन्या, घरकर्ज देणाऱ्या संस्था, कार्ड कंपन्या. राज्याच्या सहकार कायद्याखाली नोंदलेली आपल्या गल्लीतली पतसंस्था त्या यादीत नाही, कारण ती रिझर्व्ह बँकेच्या हाताखाली येत नाही. सतरा वर्षांचे माझे हप्ते इथेच गायब झाले. स्कोअर ३०० ते ९०० च्या मध्ये असतो. मी ३०० सुद्धा नाही, मी कोराच.

अशी माणसं एकेका बाजारपेठेत शेकड्यानं आहेत. पतसंस्थेत चोख, सोनारापाशी चोख, घाऊक व्यापाऱ्यापाशी चोख. आणि स्क्रीनवर कोरी. उलट ज्या पोरानं मोबाइल हप्त्यावर घेतला आणि बारा हप्ते भरले, त्याचा स्कोअर साडेसातशे. त्याच्याबद्दल तक्रार नाही. त्या स्क्रीनला त्याची जात दिसत नाही, मामा दिसत नाही, ही फार मोठी गोष्ट आहे. शंभर वर्षांपूर्वी पेढीच्या पायरीवरून हाकलला गेला असता असा पोरगा आज मोबाइलवर मंजुरी घेतो. मी त्या जुन्या ओळखीच्या जगाचा लाभार्थी आहे आणि मला तिथंच थोडं बरं वाटतं, हे मान्य करून पुढं जातो.

सरकारनं छोट्या धंदेवाल्यासाठी कार्डं काढली नाहीत असं नाही. १९९८ ला किसान क्रेडिट कार्ड आलं, नंतर लघुउद्यमी कार्ड, २०१५ ला मुद्रा. २०२५ च्या अर्थसंकल्पात उद्यम पोर्टलवर नोंदलेल्या सूक्ष्म उद्योगांसाठी पाच लाख मर्यादेचं क्रेडिट कार्ड जाहीर झालं, पहिल्या वर्षी दहा लाख कार्डं. त्याच्या आदल्या वर्षी असंही जाहीर झालं की सरकारी बँका लघुउद्योगाची पत त्याच्या डिजिटल व्यवहारांवरून जोखतील. म्हणजे जीएसटी, खात्यातली आवक, क्यूआर कोडवर पडणारे पैसे. हे नीट झालं तर पानाच्या टपरीवरचा "पन्नास रुपये प्राप्त हुए" म्हणणारा डबासुद्धा साक्षीला उभा राहील.

तोवर आपल्यासारख्यानं करायचं काय, तर उद्यम नोंदणी फुकट असते, एजंटला पाचशे रुपये देऊ नका. धंद्याचे पैसे बायकोच्या बचत खात्यात न घेता करंट अकाउंटला घ्या. रिटर्न दोन वर्षं तरी सलग भरा. वर्षातून एकदा सिबिलचा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो, तो काढून बघा. आपण कुणाच्या बँकेच्या कर्जाला जामीन राहिलो असू तर ते तिथं लागलेलं असतं, आणि मित्रानं थकवलं की आपल्याला कळायच्या आधी बँकेला कळतं. आणि दुकान एकट्याच्या नावावर असेल, म्हणजे प्रोप्रायटरशिप, तर कार्डावर दुकानाचं नाव छापलं तरी देणं तुमच्या डोक्यावर. कायद्याच्या लेखी दुकान आणि तुम्ही एकच.

व्याजाचा दर वाचताना एक गोष्ट मला टोचली. कार्डाच्या कागदावर दर महिन्याचा लिहितात, साडेतीन टक्क्यांच्या आसपास. दरमहा दरशेकडा, साहुकाराची हीच रीत. वर्षाचे ४२ झाले. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं २००८ मध्ये कार्डाच्या थकबाकीवर वर्षाला ३० टक्क्यांच्या वर व्याज घेणं चूक ठरवलं होतं, तो निकाल सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२४ मध्ये रद्द केला. आपल्याकडच्या जुन्या दामदुप्पट नियमात एकावेळी वसूल करायचं व्याज मुद्दलाच्या वर जाता येत नसे. मुंबई इलाख्यात ब्रिटिशांची कोर्टंसुद्धा तो पाळायची. म्हणून कार्ड घेतलं तर बिल तारखेला पूर्ण भरायचं. 'किमान रक्कम' या रकान्याकडे बघायचंसुद्धा नाही.

माझ्या अर्जाचं सांगतो. कार्ड नाकारलं तर कारण लेखी द्यावं लागतं, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा आदेश आहे. मी लेखी मागितलं. आठ दिवसांनी ई-मेल आला, एका ओळीचा, पतइतिहास अपुरा. त्या नम्र पोरानं स्वतःहून फोन करून मार्ग सांगितला. पन्नास हजारांची एफडी ठेवा, त्यावर चाळीस हजारांचं कार्ड देतो, वर्षभर वापरा, हिस्ट्री तयार होईल. माझेच पैसे त्यांच्याकडे तारण ठेवून त्यातलेच उधार घ्यायचे. आजीच्या भाषेत याला गहाण म्हणायचे.

एफडीला पन्नास हजार आणायचे कुठून? पतसंस्थेत पिग्मी चालू होती, ती मोडली. परवा संध्याकाळी आमचा पिग्मीवाला पैसे घेऊन दुकानात आला. पंधरा वर्षं रोज येतो. रक्कम दोनदा मोजून दिली, सही घेतली आणि विचारलं, "दादा, काही अडचण आहे का? तसं असेल तर सायबांना सांगतो, लगेच कर्ज करून देतील. तुमच्याकडं काय बघायचंय?"

त्याला म्हटलं बस, चहा मागवतो. मग उद्यापासून नवीन पिग्मी चालू कर म्हणून सांगितलं.